ज्युरीच्या खोलीत मुद्देमाल किती आणि कसा हाताळता येतो?

प्रश्न असा आहे. नुकतेच अमेरिकेचे नागरिक झालेले, कॅलिफोर्नियात राहणारे एक मराठी अभियंता लिहितात की त्यांना पहिल्यांदाच ज्युरी सेवेचे समन्स आले आहे. फौजदारी खटल्यात निवड झाली, तर शेवटी बंद खोलीत बारा जणांपुढे चाकू, कपडे, फोन, छायाचित्रे अशा वस्तू येतील. त्या हातात घ्यायच्या का, पिशव्या उघडायच्या का, मोजमाप करायचे का, आणि एखादी गोष्ट पटत नसेल तर घरी तशाच वस्तूवर प्रयोग करून पाहण्यात गैर काय, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

सुरुवातीची सहा वर्षे साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात आणि त्यानंतर गेली अठरा वर्षे कॅलिफोर्नियात, दोन्हीकडे मी आरोपींच्या बाजूने फौजदारी खटले चालवत आले आहे. उत्तर कॅलिफोर्नियाच्या कायद्याला धरून देते. इतर राज्यांत आणि केंद्रीय न्यायालयांत तपशील बदलतात, गाभा बहुतेक तोच राहतो. तो असा की, न्यायालयात दाखल झालेली वस्तू तुम्ही हवी तितकी बारकाईने पाहू शकता, पण न्यायालयात कधी आलाच नाही असा नवा पुरावा तिच्यातून तयार करू शकत नाही. पहिल्या बाबतीत ज्युरर विनाकारण बिचकतात आणि दुसऱ्या बाबतीत नको तितके बेफिकीर राहतात, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आपल्याकडच्या भाषेत हा सगळा मुद्देमाल. महाराष्ट्रातल्या सत्र न्यायालयात कागदपत्राला ‘निशाणी’चा क्रमांक पडतो आणि वस्तूला ‘आर्टिकल’चा, पंच किंवा तपास अधिकारी साक्षीला उभा राहिला की सील फोडून गाठोडे सोडले जाते, साक्षीदार ‘हीच ती वस्तू’ म्हणून सांगतो आणि न्यायाधीश ती पाहतात. वस्तुस्थितीचा निर्णयही तेच देणार असल्यामुळे आणि तो कारणांसह लिहून द्यावा लागत असल्यामुळे त्यांनी वस्तू कशी पाहिली याचा माग निकालपत्रात सापडतो. ज्युरी कारणे देत नाही. बारा जण बंद दाराआड बसतात आणि दोन-चार शब्दांचा निकाल घेऊन बाहेर येतात. त्या खोलीत काय गेले आणि तिथे त्याचे काय झाले, यावर एवढे नियम आहेत ते याच कारणाने.

आधी खोलीत काय येते ते पाहू. खटल्यादरम्यान एखाद्या वस्तूला क्रमांक मिळाला म्हणजे ती पुरावा झाली असे नाही. क्रमांक ओळखीपुरता असतो. सरकारी पक्षाच्या वस्तूंना बहुधा आकडे आणि बचाव पक्षाच्या वस्तूंना अक्षरे देतात. न्यायाधीशांनी ‘पुराव्यात दाखल’ असे म्हटल्यावरच ती वस्तू ज्युरीची होते. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेच्या कलम ११३७ प्रमाणे ज्युरीला पुराव्यात दाखल झालेले कागद आणि न्यायाधीशांच्या लेखी सूचना सोबत नेता येतात, मात्र बाहेर नोंदवून घेतलेल्या साक्षींचे कागद नेता येत नाहीत, कारण एका साक्षीदाराचे शब्द कागदावर समोर पडलेले असले आणि दुसऱ्याचे फक्त स्मरणात असले तर कागदाचे पारडे आपोआप जड होते. वस्तू काही न्यायालयांत सरसकट खोलीत पाठवतात, काहींत ज्युरीने लेखी मागितल्यावर देतात. तुमच्या न्यायालयात कोणती पद्धत आहे ते न्यायाधीश सांगतील. मागावी लागत असेल तर निःसंकोच मागा.

वकिलांनी युक्तिवादासाठी केलेले फलक, नकाशे, संगणकावरची चलचित्रे यांची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय न्यायालयांत १ डिसेंबर २०२४ पासून पुरावा नियमावलीत १०७ क्रमांकाचा नियम आला आहे. अशी केवळ समजावून सांगण्यासाठी वापरलेली साधने पुरावा नव्हेत आणि सर्व पक्षांची संमती किंवा न्यायाधीशांचा सकारण आदेश असल्याशिवाय ती विचारविनिमयाच्या वेळी ज्युरीला द्यायची नाहीत, असे तो स्पष्ट सांगतो. मला हा नियम फार पूर्वी हवा होता. सुबक चलचित्र दोनदा पाहिले की माणसाला ते घटनेचेच चित्रण वाटू लागते.

धोकादायक वस्तूंबाबत फार लिहीत नाही. बंदूक आली तर ती रिकामी, यंत्रणेत प्लास्टिकचा पट्टा किंवा कुलूप घातलेली असते, आणि काडतुसे तिच्यासोबत एकाच वेळी खोलीत ठेवत नाहीत. अमली पदार्थ सीलबंद पाकिटातच राहतात, बरेचदा खोलीत येतच नाहीत. सील फोडायचे नाही, पट्टा काढायचा नाही, आणि खटका ओढून पाहावासा वाटला तर आधी विचारायचे.

आता मुख्य भाग. दाखल वस्तू पाहणे, हातात घेणे, उलटसुलट करणे, दोन वस्तू शेजारी ठेवून तुलना करणे, छायाचित्र उजेडात नेणे, हे सगळे तुमचे कामच आहे. भिंगातून छायाचित्र पाहणे हा गैरप्रकार नाही, असे कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९७१ सालीच म्हटले आहे. भिंग नवीन काही निर्माण करत नाही. छायाचित्रात जे आहे तेच मोठे दिसते.

इथे माझ्या एका खटल्यातली वस्तू सांगते. चाकूहल्ल्याचा आरोप होता आणि मुद्देमालात जखमी माणसाचे निळे जाकीट होते. तपकिरी कागदी पिशवीत, लाल चिकटपट्टीवर अधिकाऱ्याची आद्याक्षरे आणि तारीख. रक्ताचे कपडे कागदी पिशवीतच ठेवतात, कारण प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. पिशवी न्यायालयातच उघडली गेली होती, जाकीट दाखल झाले होते आणि दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात एकच वाद होता: वार झाला तेव्हा त्या माणसाचा हात खाली होता की मारण्यासाठी वर उचललेला. विचारविनिमयाच्या दुसऱ्या दिवशी ज्युरीची चिठ्ठी आली, ‘आमच्यापैकी एकाने जाकीट घालून पाहिले तर चालेल का?’ न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांना बोलावले, वीस मिनिटे चर्चा झाली आणि उत्तर गेले की वाळलेल्या रक्तामुळे जाकीट अंगात घालू नये, पण हातमोजे घालून ते अंगाला लावून धरता येईल, बाही वरखाली करता येईल.

निकालानंतर ज्युररची इच्छा असेल तर तो वकिलांशी बोलू शकतो. त्या बोलण्यात मला पुढचे कळले. बाही खाली असताना बाहेरच्या कापडावरची चीर आणि आतल्या अस्तरावरची चीर एकमेकींपासून दोन बोटे सरकलेल्या होत्या. बाही वर धरली की कापड ओढले जाऊन दोन्ही चिरा एकमेकींवर येत होत्या. हे ना सरकारी वकिलांनी दाखवले होते ना मी, आणि माझ्या हातून ते निसटले याची खंत मला आजही वाटते. तरीही ज्युरीने केले ते पूर्णपणे वैध होते. जाकीट दाखल होते, हात वर की खाली हा वाद न्यायालयातला होता, आणि चिरा जाकिटावर आधीपासून होत्याच. त्यांनी त्या पाहिल्या, इतकेच.

आता याच्या उलट बाजूचे जुने उदाहरण घेऊ. १८९६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कॉन्क्लिंग नावाच्या आरोपीचे अपील आले. रायफलीने गोळी झाडून खून केल्याचा आरोप होता आणि किती अंतरावरून झाडले असता कपड्यावर बंदुकीच्या दारूचे डाग पडतात हा मुद्दा महत्त्वाचा होता. दोन ज्युररनी तशीच एक रायफल उसनी मिळवली आणि कापडावर गोळ्या झाडून स्वतः अंतर ठरवले. शिक्षा रद्द झाली. त्या दोघांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना सत्यच शोधायचे होते. पण त्यांची रायफल वेगळी, काडतुसातली दारू वेगळी, कापड वेगळे, आणि यातल्या एकाही फरकावर बोट ठेवण्याची संधी आरोपीच्या वकिलाला मिळाली नाही. साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. तुमच्या अंगणात झालेल्या प्रयोगाची घेता येत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीने आरोपीला विरोधी साक्षीदारांना सामोरे जाण्याचा हक्क दिला आहे, आणि घरी प्रयोग करणारा ज्युरर हा उलटतपासणी न झालेला साक्षीदार बनतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

या दोन टोकांमधली रेषा त्याच न्यायालयाने १९११ साली हिगिन्स खटल्यात आखली आणि ती आजही वापरात आहे. वस्तूच्या स्वरूपाप्रमाणे तिचा वापर करून, मांडलेल्या पुराव्याच्या कक्षेत राहून ज्युरी तपासणी, अगदी प्रयोगही करू शकते. पण तो प्रयोग पुराव्याने न शिवलेल्या नव्या क्षेत्रात शिरला, तर ज्युरीने न्यायालयाबाहेर पुरावा घेतल्यासारखे होते. नियम वाचायला सोपा आहे, लावायला अवघड. २००१ सालच्या बाल्डीन खटल्यात आरोपीच्या घरी सापडलेले, पोलिसांचे बिनतारी संभाषण ऐकण्याचे यंत्र दाखल होते, आणि ज्युरीने ते खोलीत चालू करून पाहिले. अपील न्यायालयाने यात गैर मानले नाही. १९९१ सालच्या एका खटल्यात ज्युररनी दाखल झालेली पट्ट्याची पिशवी अंगावर अडकवून साक्षीदाराने सांगितलेली हालचाल करून पाहिली. तीही मान्य झाली, कारण ती साक्षीत आलेल्या गोष्टीचीच पडताळणी होती.

तरी यंत्र चालू करण्याबाबत माझे मत न्यायालयांपेक्षा कडक आहे. आज मुद्देमालात येणारे यंत्र बहुधा मोबाइल फोन असतो. तो चालू केला की तारीख बदलते, नवे संदेश येऊ शकतात, कोणी न दाखवलेली छायाचित्रे उघडतात. फोन दाखल असला म्हणजे त्याच्या आतले सगळे दाखल झाले असे नाही. बहुधा ठरावीक संदेशांच्या छापील प्रतीच दाखल असतात. म्हणून विचारल्याशिवाय कोणतेही उपकरण चालू करू नका. चित्रफिती पाहण्यासाठी न्यायालय बहुधा इंटरनेट नसलेला, फक्त दाखल पुरावा असलेला लॅपटॉप देते. त्यावर चित्रफीत थांबवून, मागेपुढे करून हवी तितक्या वेळा पाहा. मात्र स्वतःच्या फोनने पडद्याचे छायाचित्र काढून ते मोठे करणे किंवा एखाद्या अॅपने उजळ करणे टाळा. अॅप चित्रात स्वतःची भर घालते आणि ती भर कोणी तपासलेली नसते.

मोजमापाविषयी इंग्लंडच्या अपील न्यायालयाने केलेला फरक मला फार उपयोगी वाटतो. १९८९ च्या स्टुअर्ट आणि सॅपलटन खटल्यात खोलीत गेल्यानंतर ज्युरीने तराजू मागितला आणि तो दिला गेला. शिक्षा रद्द झाल्या. पुढच्याच वर्षी मॅग्ज खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की भिंग, फूटपट्टी किंवा मोजपट्टी अशा साध्या, कोणाच्याही खिशात असू शकणाऱ्या साधनांना हरकत नाही. वरवर पाहता दोन्ही मोजण्याचीच साधने आहेत. पण फूटपट्टी डोळ्याला दिसते ते नेमके करते, तर तराजू डोळ्याला न दिसणारी नवी माहिती देतो, आणि त्या वजनाचा अर्थ काय यावर कोणत्याच पक्षाला बोलता आलेले नसते. कॅलिफोर्नियात हे निकाल बंधनकारक नाहीत. तरी मनात शंका आली की ‘ही फूटपट्टी आहे की तराजू’ असे स्वतःला विचारून पाहा.

तुम्ही अभियंता आहात म्हणून एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगते. तुमचे शिक्षण दाराबाहेर ठेवून या, असे कायदा म्हणत नाही. पुराव्याकडे पाहताना प्रत्येक जण आपला अनुभव वापरतोच. पण १९९६ च्या मलोन प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, खटल्याबाहेरच्या विशेष ज्ञानावर आधारलेले मत इतर ज्युररपुढे तज्ज्ञ म्हणून मांडणे हा गैरप्रकार आहे. तिथे एका ज्युररने लाय डिटेक्टर चाचणीविषयी आपले व्यावसायिक ज्ञान सांगितले होते. म्हणजे वाकलेली लोखंडी सळई हातात घेऊन ‘ही इथे वाकली आहे, आणि साक्षीदार म्हणाला तशी टोकाला नाही’ असे म्हणा, त्यात काहीच चूक नाही. ‘या जातीचे पोलाद वाकायला इतका जोर लागतो, मी रोज हेच काम करतो’ असे मात्र म्हणू नका. त्या खोलीत बाकीचे अकरा जण तुमचे ऐकतील, म्हणूनच ही काळजी घ्यायची.

कपड्यांचे खिसे, बॅगांचे कप्पे यांविषयी फारसे कोणी सांगत नाही. १९७० साली अमेरिकेच्या पाचव्या विभागीय अपील न्यायालयापुढे फरीस नावाच्या आरोपीचे प्रकरण आले. एक ब्रीफकेस पुराव्यात दाखल झाली होती. ज्युरीने ती खोलीत उघडून आतले कपडे चाळले तेव्हा घडी घातलेल्या शर्टात नोटा सापडल्या. सरकारी वकील, बचावाचे वकील, न्यायाधीश, कोणालाच त्या ठाऊक नव्हत्या. शिक्षा रद्द झाली. ब्रीफकेस दाखल होती, पैसे नव्हते, आणि ते तिथे कसे आले हे सांगण्याची संधी आरोपीला मिळाली नव्हती. तेव्हा असे काही हाती लागले तर तिथेच थांबा, वस्तू होती तशी ठेवा, त्यावर चर्चा सुरू करू नका आणि न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवा. चूक वकिलांची आहे, तुमची नाही. पण ती सावरण्याची वेळ निकालापूर्वीच असते.

प्रयोगाची जागा उघडे न्यायालयच का, हे माजी पत्नी आणि तिच्या मित्राच्या खुनाचा आरोप असलेल्या फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनच्या खटल्याने साऱ्या जगाला दाखवले. १५ जून १९९५ रोजी सरकारी वकिलांच्याच सांगण्यावरून आरोपीने ज्युरीसमोर मुद्देमालातले हातमोजे घालून पाहिले आणि ते घट्ट बसताना दिसले. काय झाले ते सगळ्यांनी पाहिले, म्हणून आतून घातलेले रबरी मोजे, चामड्याचे आकसणे यांविषयी सरकारी पक्षाला तज्ज्ञाची साक्ष घेता आली आणि पुढे त्याच प्रकारची नवी जोडीही घालून दाखवता आली. ज्युरीने यातले काय मानले हा वेगळा प्रश्न. तेच मोजे बारा जणांनी बंद खोलीत आपापल्या हातात चढवून पाहिले असते, तर त्यातून निघालेल्या निष्कर्षाला उत्तर देणारे कोणीच नसते.

मराठी वाचकाला ज्युरी म्हटले की पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकाऱ्याचा, नानावटींचा खटलाच आठवतो. मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ‘निर्दोष’ म्हटले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे शिक्षा झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बचाव होता झटापटीत गोळ्या सुटल्याचा. त्याविरुद्ध जाणाऱ्या गोष्टींत एक अगदी साधी वस्तू होती: नुकताच न्हाऊन बाहेर आलेल्या मृताच्या कमरेला टॉवेल होता तसाच गुंडाळलेला राहिला होता. कॅलिफोर्नियात मात्र ‘निर्दोष’ हा निकाल सरकारला असा वर पाठवून बदलून घेता येत नाही. म्हणून तुमच्या समोर ठेवलेला टॉवेल तुम्हीच नीट पाहायचा असतो. नंतर दुसरे कोणी पाहणार नाही.

चिठ्ठीविषयी. दंडसंहितेच्या कलम ११३८ नुसार साक्षीबद्दल मतभेद झाला किंवा कायद्याबद्दल शंका आली तर ज्युरीने न्यायालयाकडे विचारायचे आणि उत्तर दोन्ही पक्षांच्या उपस्थितीत किंवा त्यांना कळवून दिले जाते. वस्तूंबद्दलचे प्रश्नही याच वाटेने जातात. चिठ्ठी ज्युरीप्रमुखाने लिहून, सही करून बेलिफच्या, म्हणजे ज्युरीची व्यवस्था पाहणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याच्या, हाती द्यायची. बेलिफला तोंडी काही विचारायचे नाही, कारण त्याचे उत्तर नोंदीत येत नाही. चिठ्ठीत मते किती-किती विभागली आहेत ते लिहू नये. ‘आम्हाला चाकू नीट पाहायचा आहे’ असे मोघम न लिहिता ‘सरकारी पक्षाची वस्तू क्रमांक १४ पिशवीतून काढून फूटपट्टीने पाते मोजता येईल का’ असे लिहा. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते, आणि मोघम प्रश्नावर दोन्ही वकील अर्धा तास वाद घालतात, हे मी स्वतः त्या अर्ध्या तासांत उभी राहून पाहिले आहे.

चूक झालीच तर काय, तेही सांगते. कॅलिफोर्नियात बाहेरचा पुरावा घेतल्याचे सिद्ध झाले की आरोपीचे नुकसान झाले असे गृहीत धरले जाते. सरकारने ते गृहीतक खोडून काढले नाही तर नव्याने खटला चालवावा लागतो. ज्युररच्या मनात काय चालले होते हे विचारता येत नाही, पण कोणी काय केले, काय म्हटले, काय आणले, हे पुरावा संहितेच्या कलम ११५० खाली विचारता येते. केंद्रीय न्यायालयांत नियम ६०६(ब) खाली दार आणखी अरुंद आहे, तरी बाहेरून आलेल्या माहितीबद्दल ते उघडेच राहते. नव्याने खटला म्हणजे मृताच्या आईने किंवा बलात्कार झालेल्या मुलीने पुन्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहणे, आणि जामीन न मिळालेल्या आरोपीने आणखी महिनेच्या महिने तुरुंगात काढणे.

घरी जाताना टिपणवही खोलीतच ठेवा. रात्री एखादी शंका छळू लागली तर ती सकाळपर्यंत मनात ठेवा, बारा जण जमल्यावर बोला, आणि गरज वाटली तर ती वस्तू पुन्हा मागवून घ्या. कितव्यांदा मागता आहात याची मोजणी कोणी ठेवत नाही.